अक्का, तुमचे रिपोर्ट नॉर्मल आले

अक्का, तुमचा तेरावा होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले, भाड्यानं आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, आणि आज सकाळी मोबाइल हातात घेतला तर त्यात तुमचा रिपोर्ट पडलेला. तुम्हाला ताप चढायच्या आदल्या दिवशी लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला होता. तुम्ही बाही वर करत त्याला म्हणालात, "घे बाबा, भर तुझी बाटली. आमच्या विजूला चैन पडू दे." मग दवाखान्याची धावपळ सुरू झाली, चार दिवसांत सगळं आटोपलं, आणि तो मेसेज कुणी उघडलाच नाही. आज मी उघडला. साखर आटोक्यात. किडनी ठीक. हिमोग्लोबिन तर माझ्यापेक्षा चांगलं. एकही आकडा लाल नाही.

मी तो रिपोर्ट घेऊन तुमच्या खुर्चीत बसले, आणि जन्मात पहिल्यांदा मला एका नॉर्मल रिपोर्टचा राग आला.

खुर्ची तिथंच आहे, बाल्कनीच्या जाळीला लागून. हलवायला म्हणून ह्यांनी दोनदा हात घातला, मी हलवू दिली नाही. तुम्ही गेल्यापासून मी तिच्यात बसते. समोर दुसऱ्या बिल्डिंगची तसलीच जाळी दिसते, तिच्यामागं वाळत घातलेले टॉवेल दिसतात, आणि मान वाकवली तर पार्किंगमधल्या गाड्यांचे टप. रस्ता दिसत नाही. तीन वर्षं तुम्ही इथं बसलात आणि इथून रस्ता दिसत नाही हे मला तुम्ही जाईपर्यंत माहीत नव्हतं. मी तर सगळ्यांना सांगायची, अक्कांना बाल्कनी मिळाली बरं का, त्यांचा छान वेळ जातो.

आता मीही इथंच. तुमच्या दिवसांत माझं बीपी चढलं, दहाव्याला मला घेरी आली, आणि ह्यांनी जाहीर केलं की डॉक्टर हो म्हणेपर्यंत विजयानं एकटीनं लिफ्टमध्येसुद्धा पाऊल ठेवायचं नाही. मनवा रोज शहराच्या दुसऱ्या टोकाहून, गच्चीबावलीहून फोन करते. पोटची माझी, पण लेक ती तुमचीच जास्त. "आई, प्लीज, रिस्क नको. जस्ट रेस्ट घे ना." सगळे किती प्रेमानं बोलतात, अक्का. भांडायला जागाच ठेवत नाहीत. तुम्हाला मी अशीच प्रेमानं बोलत होते ना?

मी सरकारी आरोग्य खात्यात तीस वर्षं काढली, आणि ती नोकरी तुमच्या कंबरेवर उभी होती. सकाळी सातला मी तक्त्यांची गुंडाळी काखेत मारून बाहेर पडायची, कारण तुम्ही जाऊ असून आईसारख्या पहाटे उठून पोळ्या लाटून ठेवलेल्या असायच्या. मनवाला न्हाऊमाखू तुम्ही घातलंत, शाळेत तुम्ही सोडलंत, गोवर निघाला तेव्हा मांडीवरून खाली ठेवली नाहीत. आणि मी वस्त्यावस्त्यांतून फिरून दुसऱ्या बायांना सांगायची, लेकरांना वेळेवर लस द्या, पाणी उकळा, हात धुवा. माझ्याकडे एक मोठा तक्ता होता. मध्ये हसरं कुटुंब आणि भोवती गोल: हवा, पाणी, अन्न, घर, काम, शिक्षण, झोप, शेजार. छडी ठेवून मी सांगायची की आरोग्य म्हणजे नुसतं दुखणं नसणं नव्हे, ते ह्या सगळ्या गोलांतून मिळून येतं. शेवटच्या गोलापर्यंत पोचेस्तोवर बाया उठायला लागायच्या, नळाची वेळ झालेली असायची. शेवटचा गोल शेजाराचा. तो मी बहुतेक वेळा न बोलताच गुंडाळायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आपल्यात म्हणतात ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हटलं असणार.

आपला वाद त्या तक्त्यावरूनच सुरू झाला. पावसात भिजलेला तक्ता वाळावा म्हणून मी तो घरात खुंटीला टांगला होता. तुम्ही पदराला हात पुसत आलात, गोल एकेक करून वाचलेत आणि म्हणालात, "समदं आहे गं ह्यात. पण ही बाई जाती कुठं?"

"कुठं म्हणजे? ती चित्रात आहे, अक्का."

"तेच म्हणते. उभी आहे नुसती. सकाळी उठल्यावर माणसाला कुठं तरी जायचं असावं. आणि गेल्यावर कुणी तरी म्हणावं, काय बाई, आज उशीर केला. एवढं असलं की तब्येत राहती."

"आणि साखर? बीपी?"

"साखर डब्यात असती," म्हणालात आणि आत निघून गेलात.

मी त्यावर हसले. पुढं पंचवीस वर्षं हसतच होते. पाहुण्यांना तो किस्सा सांगायची, आमच्या अक्कांचं आरोग्यशास्त्र म्हणून. तुम्ही पण हसायचात, पण तुम्ही तुमचं म्हणणं कधी मागं घेतलं नाहीत, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

तुमचं कुठं तरी म्हणजे सुलतान बाजार. आपल्या गल्लीच्या तोंडाशी कापडाची दुकानं, त्यांच्या पायऱ्या उतरल्या की मल्लम्माची भाजीची पाटी. तुम्ही रोज दहाला निघायचात. घरात कालची भाजी उरलेली असली तरी निघायचात. मल्लम्माशी भाव करायचात, तो ठरला की तिथंच टेकून तिच्या सुनेची चौकशी, मग बांगड्यांच्या दुकानदाराच्या आईची, मग कोठीच्या बसस्टॉपपर्यंत जाऊन परत. मी म्हणायची, ह्या बाईला भाजी आणायला दीड तास लागतो. मल्लम्मा तुमची तब्येत भावावरून ओळखायची. एकदा मला गल्लीत अडवून म्हणाली, "आज अम्मा भाव नै करे. जो बोली वो देके चले गए. बुखार है क्या?" घरी येऊन बघते तर तुम्हाला खरंच ताप होता, आणि तो मला, घरातल्या आरोग्य खात्याला, दिसला नव्हता.

एक सांगायचं राहून गेलं, अक्का. खरं तर आपण दोघी त्यावर कधी बोललोच नाही. दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा मी दोन महिने मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे, आता कामावर जायला हरकत नाही. मी उठत नव्हते. हे घाबरून दारातूनच विचारायचे, काही हवंय का. तुम्ही एका संध्याकाळी पिशवी घेऊन आत आलात आणि म्हणालात, "चल, मेथी आणू." मी पांघरूण डोक्यावर ओढलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तीच पिशवी, "चल." तिसऱ्या दिवशी मी तुमच्या अंगावर ओरडले. जे बोलू नये ते बोलले. म्हणाले, तुम्हाला काय कळणार, तुम्हाला मूल झालंय कुठं. तुम्ही पिशवीची घडी केलीत आणि गेलात. मला वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी तुम्ही परत दारात. पाचव्या दिवशीही.

सहाव्या की सातव्या दिवशी मी कंटाळून चप्पल घातली. मल्लम्मानं मला काही विचारलं नाही. तिनं शेंगांचा ढीग माझ्यापुढं लोटला आणि म्हणाली, चांगल्या चांगल्या वेचून घे. मी वेचत बसले. मग तुम्ही मला चालवत कोठीपर्यंत नेलंत, जुन्या पुस्तकांच्या ढिगांपाशी उभं राहून आपण उसाचा रस प्यालो, आणि मी गिलास हातात धरून भर रस्त्यात रडले. तुम्ही रसवाल्याला सांगितलंत, "मिरची खाई उने, और कुछ नै." त्या दिवसापासून मी बरी होत गेले. ते बोलले त्याची माफी मी तुमच्याजवळ कधीच मागितली नाही, आणि तुम्ही ते ऐकलंच नसल्यासारख्या राहिलात.

ह्यातलं खरं मोल कशात होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. आपल्या घरची रीत तुम्हीच मला लग्नानंतर शिकवली होती. मोठ्यानं एकदाच बोलायचं, आणि धाकट्यानं ते लक्षात ठेवून पुन्हा आपणहून विचारायचं. सासूबाई एकदा म्हणायच्या, "माहूरला जाऊन यावं वाटतंय." बस. त्यानंतर आठ दिवसांनी तुम्ही विचारायचं, "मग माहूरला कधी निघायचं?" दुसऱ्यांदा मागायची पाळी मोठ्यावर आली तर त्याचा मान गेला, आणि धाकट्याला लाज. अशा घरात थोरली जाऊ असून तुम्ही माझ्या दारात सात दिवस उभ्या राहिलात. तुमचा मान तुम्ही माझ्या पायाशी ठेवलात आणि मला तेव्हा ते दिसलंही नाही.

मग मी तुम्हाला इथं, विद्यानगरला आणलं.

ह्यात माझं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही, तुम्ही वर बसून म्हणत असलात तरी. सुलतान बाजारातल्या त्या तीन खोल्यांत ऊन येत नव्हतं. दुकानांचे जनरेटर दिवसभर दारात धूर सोडायचे, नाली तुंबायची, तुम्हाला दर थंडीत खोकला धरायचा आणि होळीपर्यंत सुटायचा नाही. मोठे दीर गेल्यावर त्या घरात राहिलंच काय होतं. इथं तिसरा मजला, लिफ्ट, आरपार हवा. पहिल्याच थंडीत तुमचा खोकला गेला. मी विजयी मुद्रेनं विचारलं, "काय अक्का, हवा कशी आहे?" तुम्ही म्हणालात, "हवा चांगली आहे गं. ओळखीची नाही."

तरी तुम्ही बस पकडून आठवड्यातून दोनदा जात होतात. विद्यानगरच्या स्टॉपवरून कोठी, तिथून चालत मल्लम्मा. फुटपाथ नाही, गाड्या अंगावर येतात, म्हणून मी कुरकुर करायची. पण तुम्ही जायचात आणि ताजी अंबाडी आणि ताज्या बातम्या घेऊन यायचात. आणि मग ती संकष्टी आली. तुम्हाला उपास होता. सकाळी साखरेची गोळी तुम्ही घेतलीत, वर काही खाल्लं नाहीत, आणि दुपारी कोठीच्या स्टॉपवर घेरी येऊन खाली बसलात. एका पुस्तकवाल्यानं तुम्हाला पेपरमिंट चारली, पाणी पाजलं आणि ऑटोत घालून घरी पाठवलं. गोळी चुकवायची नाही हे तुम्हाला मी सांगितलं होतं, उपास मोडायचा नाही हे तुमच्या आईनं. तुम्ही दोघींचं ऐकलंत. असा घोळ आपल्याच घरात व्हायचा.

उपाय सोपा होता. उपासाच्या दिवशी गोळीचं डॉक्टरांना विचारायचं, झालं. माझ्या कामाच्या काळात अशी केस माझ्यासमोर आली असती तर मी दोन मिनिटांत समजावून बाईला घरी पाठवलं असतं. पण तुम्ही केस नव्हतात. ऑटोतून तुम्हाला उतरवताना तुमचा हात इतका गार लागला की मी घाबरले, अक्का. मनापासून घाबरले. त्या भीतीला मी काळजी हे नाव दिलं, आणि मग नियमांवर नियम करत गेले. एकटीनं बाहेर जायचं नाही. लोणचं बंद. बाजाराच्या ऐवजी हॉल ते स्वयंपाकघर चाळीस फेऱ्या. सगळे आकडे वहीत. तुम्ही प्रत्येक नियमाला "बरं" म्हणालात. भाजी आता मोबाइलवरून यायला लागली, निवडलेली, प्लास्टिकच्या पिशवीत, भाव आधीच छापलेला. तुम्ही पिशवी उलटीसुलटी करून बघायचात आणि ठेवून द्यायचात.

मनवानं पावलं मोजायचं घड्याळ आणून तुमच्या मनगटाला बांधलं, तेव्हा चार दिवस घरात मजा आली. पाचव्या दिवशी तुमची नऊ हजार पावलं झाली. मी फुशारकीनं ह्यांना दाखवलं. मग लक्षात आलं, तुम्ही दिवसभर एका जागी बसून बेसन भाजत होतात आणि तुमच्या हाताबरोबर घड्याळ पावलं मोजत होतं. मी रागावले. तुम्ही म्हणालात, "तुझ्या वहीला आकडा पाहिजे ना? मग पाय कशाला दमवू?" त्या दिवशी आपण दोघी पोट धरून हसलो. मी जरा विचार करायला हवा होता. जी बाई रोज कोठीपर्यंत चालत होती ती चाळीस फेऱ्यांना का कंटाळली, एवढा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता.

आणि मग तो दिवस. मागच्या उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. मी तुमच्या गोळ्यांच्या डब्यात आठवड्याच्या गोळ्या भरत होते. तुम्ही खुर्चीतून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "एकदा सुलतान बाजाराला जाऊन यावं म्हणते. मल्लम्मा काय म्हणत असेल."

मी म्हटलं, "बघू अक्का. ऊन उतरू दे."

ऊन उतरलं. पाऊस झाला. दसरा गेला. तुम्ही पुन्हा काढलं नाहीत, आणि मी समजले की तुमचं मन रमलं. मला वाटलं, चला, लागल्या अक्का घराला. रीत मला पाठ होती. सासूबाईंच्या वेळी मी स्वतः तारखा लक्षात ठेवून विचारत होते. तुमच्या वेळी विसरले. नाही, विसरले म्हणणं सोपं आहे. मला पुन्हा विचारायचं नव्हतं, कारण तुम्ही हो म्हणाला असतात.

तुम्ही हळूहळू कमी होत गेलात. दुखत काहीच नव्हतं. बोलणं कमी झालं, भूक कमी झाली, मनवा आली तरी तिच्या केसांना तेल लावायला उठेनाशा झालात. मी डॉक्टर बदलले. दर तीन महिन्यांनी रक्त. प्रत्येक रिपोर्ट आधीच्यापेक्षा चांगला, आणि तुम्ही आधीपेक्षा बारीक. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. मी त्यांचे आभार मानून आले. नंतर साधा ताप आला, छातीत उतरला, आणि तुमच्या अंगात त्याच्याशी भांडायला काही उरलंच नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी मल्लम्मा आली. कुणाकडून तरी तिला कळलं. दोन बस बदलून, पत्ता विचारत, पदरात अंबाडीची जुडी बांधून आली. तुमच्या फोटोकडे बघून ती रडली नाही, माझ्याशीच भांडायला उठल्यासारखी बोलली. "तीन साल. एक बार बी नै आए. मई समझी गुस्सा हो गए. आखरी दिन मई भाव में अड गई थी ना. रोज सोची, अम्मा उस वास्ते नै आरे." तीन वर्षं ती बाई असं समजत होती, अक्का, की तुम्ही तिच्यावर रुसलात. तिचा नंबर आपल्या घरात कुणाकडेच नव्हता. रोज दिसणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतं? मी तिला सांगू शकले असते की चूक माझी आहे. मी चहा करायला आत गेले, आणि तिथंच मला घेरी आली. सगळ्यांना वाटलं बीपी.

आता कालचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

काल दुपारी हे झोपले होते. मी खुर्चीत बसले होते, आणि समोरच्या टॉवेलांकडे बघता बघता मला श्वास पुरेना. दुखत काही नव्हतं. फक्त रस्ता बघायचा होता. मी पर्स घेतली, चप्पल हातात धरून बाहेर आले, दार आवाज न करता ओढून घेतलं. स्वतःच्या घरातून, ह्या वयात, चोरासारखी. लिफ्टनं खाली आले. गेटपाशी यादगिरी वॉचमन स्टुलावर बसला होता. मला बघून तो उठला आणि छोट्या गेटसमोर येऊन उभा राहिला. उर्मटपणा नव्हता त्यात. उलट तो खाली बघत होता.

"म्याडम, साब बोले आपकू अकेले नै छोडना. तबियत ठीक नै बोले."

"यादगिरी, मी कोपऱ्यापर्यंत जाते आणि येते. खोल."

"साब कू फोन करतूं म्याडम. साब आए तो जाओ."

मी म्हटलं नको, झोपलेत. मग आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. गेटच्या सळ्यांतून रस्ता दिसत होता. भेळवाल्याची गाडी गेली, कॉलेजातून सुटलेल्या पोरी गेल्या, कोठीची बस गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण तो माझी समजूत काढू लागला. गरीब माणूस, जे सुचलं ते बोलला.

"अम्मा बी ऐसाच खडे रहते थे, म्याडम."

"कोण अम्मा?"

"आपके अम्मा. रोज आते थे ना इस टाइम पे. थैली लेके. गेट खोल रे, बोलते. दस मिनिट खडे रहते, बस देखते, फिर ऊपर चले जाते."

अक्का, मी त्या गेटची सळी धरली. मी त्याला विचारलं, मग तू गेट का उघडलं नाहीस? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची परीक्षा घेत होते. "आपीच बोले थे म्याडम. अम्मा अकेले आए तो गेट नै खोलना, फोन करना बोले."

बोलले होते. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, भाजीची पिशवी हातात, लिफ्टची वाट बघता बघता. एका वाक्यात बोलले आणि वर जाऊन तुमच्यासाठी सूप केलं. त्यानंतर ते मला एकदाही आठवलं नव्हतं. तुम्हाला मात्र रोज दुपारी त्याची आठवण करून दिली जात होती, आणि तुम्ही रोज त्याला विचारायलाच खाली जात होतात. घरात एकदाच बोललात. तिथं, वॉचमनपुढं, रोज.

"मग तू मला फोन का केला नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. तीन वर्षांत एकदा जरी त्यानं फोन केला असता, एकदा जरी, तर मी खाली आले असते. तुम्हाला पिशवी घेऊन गेटपाशी उभं असलेलं बघितलं असतं, तर मी इतकी निर्दय नाही, अक्का, मी ऑटो थांबवली असती.

यादगिरी म्हणाला, "मई करतूं बोला, म्याडम. पहले दिन फोन निकाला बी था. अम्मा हाथ पकडे. बोले, नक्को रे. उसकू बीपी है. इस टाइम पे सोती है. उठाया तो उसका सर दुखता."

मी तुमच्या साखरेची वही भरत होते. तुम्ही माझी दुपारची झोप राखत होतात. तीन वर्षं, रोज दहा मिनिटं, गेटच्या आतल्या बाजूला उभ्या राहून. ती झोप एकदाही मोडली नाहीत, अक्का. मी रोज गाढ झोपले.